एका पाकिटातली दोन कार्डं

मंगळवार, ९ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मुद्दाम तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. का, ते पुढे कळेल.

इकडे ठीक आहे. कंपाउंडरकाकांचा गुडघा पुन्हा धरलाय, पण गोळी घेत नाहीत. म्हणतात, दवाखान्यात राहून आजारी पडलो तर लोक हसतील.

मागच्या आठवड्यात आम्हा फॅमिली डॉक्टरांना एक दिवस शिकवणी होती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पेशंटला एकटीला आत घ्या आणि सरळ विचारा, घरी कोणी मारतं का?" मनात म्हटलं, आता हे आम्हाला शिकवणार! दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरची शिंपीणबाई आली, नेहमीसारखी 'दारावर आपटले' म्हणत. नवऱ्याला बाहेर बसवलं आणि विचारलं. तिनं आधी दार लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाली, "आठ वर्षं येतेय तुमच्याकडे. आज विचारलंत."

ती गेल्यावर मी तुमच्या घराचं पाकीट काढलं. एका घराची सगळी कार्डं एकत्र ठेवायची, ही माझीच शिस्त. बारा जून. तुझ्या कार्डावर: बाथरूममध्ये पडली, गालाला सूज. तुझ्या नवऱ्याच्या: टायर बदलताना उजव्या हाताची बोटं दुखावली. दोन्हीकडे अक्षर माझं. त्याला पट्टी बांधताना मी थट्टाही केली होती, "आता दुखणीसुद्धा जोडीनं का?" तो हसला. तू जमिनीकडे बघत होतीस.

मला रडू आलं नाही. हात धुतले, पुढचा पेशंट घेतला. तेव्हापासून जेवते, झोपते, पण आत काही हलत नाही. खरं सांगू? मला त्याच दिवशी कळलं होतं, चिमे. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसले.

आता विचारते. तो तुला मारतो का?

पुढच्या गुरुवारी शाळा सुटली की ये. दुपारी दवाखाना बंद असतो, मी एकटीच असेन. हो म्हणालीस तर पुढचं तू ठरवशील तसं करू. नाही म्हणालीस तरी मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय.

तुझं कार्ड मी वेगळं काढलंय. बारा जूनच्या नोंदीखाली आजची तारीख घालून लिहिलं: 'डॉक्टरांनी कारण विचारलं नाही.' खाली सही केली.

वाचून झालं की पत्र फाडून टाक. कार्ड माझ्याकडे आहे.

नऊ महिने उशिरा विचारणारी,
तुझी ताई