टेरेसेच्या जागी

४ मार्च १७८३
टेरेसेला पुरून आठवडा झाला नाही, तोच आईसाहेब इथे मठात हजर. वाटलं, दोघी मिळून रडू. कॉफीचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "क्लेमेंटीना, बहिणीची पोरं उघडी पडलीत. लोथारशी आता तूच लग्न करायचं."
मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी लग्न, म्हणजे रोमहून पोपची परवानगी हवी. ती आणायला माणूस रवानाही झालाय. मला विचारायच्या आधी!

५ मार्च
चिडचिड नुसती. पंधराव्या वर्षी मला इथे आणून सोडलं तेव्हा ह्याच म्हणाल्या होत्या — "घरात मुली फार, एकीचं तरी इथे भागेल." आम्ही काही शपथ घेतलेल्या जोगिणी नव्हे. प्रार्थना म्हणायच्या, उरलेला वेळ आपला. वीस वर्षांत हेच घर झालं. दोन खोल्या, भिंतीला लावलेली माझी जर्दाळूची झाडं, दाराला आतून कडी. लग्न करायचं तर बाहेर पडायची मोकळीक आहे — तीच आता मुळावर आली.

९ मार्च
नाही म्हणून सांगितलं. तोंडावर.
आईसाहेब हातमोजे चढवत म्हणाल्या, "बरं. मग जोसेफा आहेच."
आमची धाकटी. सोळाची. लोथार बेचाळीसचा. टेरेसे आठव्या बाळंतपणात गेली.

१० मार्च
हो म्हणाले.

२ एप्रिल
मठातली जागा सोडली. मोठ्या बाई सही घेताना म्हणाल्या, "पुन्हा परत येता येत नाही, ठाऊक आहे ना तुला?"
ठाऊक आहे.

१९ एप्रिल
लोथारच्या गढीवर. मुलं मला पाहून रडतात — चेहरा आईचा, बाई दुसरीच. त्याची आई माझी कंबर निरखते. घोडी विकत घेतानासुद्धा माणसं जरा आडून बघतात.
वैतागून लोथारलाच विचारलं, "तुम्हाला तरी हवंय का हे लग्न?"
"मला कुणी विचारलंच नाही," म्हणाला. पहिल्यांदा वाटलं, माणूस आहे. पुढे म्हणाला, "सूप गार होतंय."

६ मे
लग्नासाठी आईसाहेब आणि जोसेफा आल्या. जेवताना लोथारची आई सरळ म्हणाली, "पस्तिशीच्या बाईला मुलगा होईल याची काय खात्री? आमचा वारस एकच, तोही सारखा खोकतो. धाकटीच बरी."
आईसाहेबांनी मान डोलावली. "परवानगीत नाव बदलून घेता येईल."
जोसेफा माझ्या शेजारीच बसली होती. हातातला पाव तसाच. मी लोथारकडे पाहिलं. त्याने ताटात पाहिलं.
म्हणजे मी सगळं सोडलं ते कशासाठी?

७ मे
सकाळी चर्चला जातो सांगून गाडी जुंपायला लावली. "ताई, चर्च मागे राहिलं," जोसेफा म्हणाली. म्हटलं, राहू दे.

८ मे
मठातली माझी जागा अजून रिकामी होती. ती कुणाला द्यायची हे मोठ्या बाईंच्या हातात. त्यांनी काही न विचारता जोसेफाचं नाव घातलं. आता तिला तिच्या मर्जीशिवाय इथून कुणी हलवू शकत नाही.
ती माझ्या खोलीत सामान लावतेय. मी पाहुण्यांच्या खोलीत. परवापर्यंत राहा, म्हणाल्या.