मी चॅपलची घंटा वाजवली

आबा, तुमच्या गुरवकीनं परवा माझ्या लेकीची नोकरी घालवली असती. हसू नका. तुम्ही तिकडं बसून मिशीत हसताय ते मला इथं आखातात, उम्म अल कुवैनमध्ये दिसतंय.

लेक एका बोर्डिंग शाळेत मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन झालीय. सहा महिने बघणार, मग पक्कं करणार, असा त्यांचा कायदा. तुमचे जावई गेल्यापासून माझा व्हिसा तिच्याच नोकरीवर. म्हणजे ती घरी बसली की खलास, दोघी विमानात. त्या शाळेच्या आवारात, खजुरीच्या झाडांमागं एक जुनं चॅपल आहे. शाळा नव्हती, रस्ता नव्हता, तेव्हा गोऱ्यांनी प्रार्थनेला बांधलेलं. आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढंसुद्धा नाही. भिंती समुद्रातल्या दगडाच्या, जवळ गेलं की त्यात शिंपले दिसतात. परवा लेक म्हणाली, "आई, मी रजिस्टर देऊन येते. तू बाहेरूनच बघ. आणि प्लीज, कशाला हात लावू नकोस." मी म्हणलं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती रजिस्टर उचलून चालू लागली. शहाणी आहे.

दार उघडंच होतं. मी चपला काढल्या. बाहेर ऊन असं की फरशीवर पापड भाजावा, आणि उंबऱ्याशी पाय ठेवला तर गारवा. एसी नाही, पंखा नाही. आत डोकावते तर समोर मूर्तीच नाही! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, देव गेला कुठं? पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर लाकडाचा क्रॉस, आणि वरच्या निळ्या काचेतून उतरलेला उजेड जमिनीवर पाण्यासारखा पसरलेला. चार घरं पलीकडं ऐकू जाईल असं बोलणारी बाई मी, पण माझा श्वाससुद्धा दबकून चाललेला. वाटलं, इथं आत्ता कुणीतरी बसलं होतं आणि माझी चाहूल लागून नुकतंच उठलंय.

आणि दाराशी घंटेचा दोर.

मी सात वर्षांची असताना खोबऱ्यावर डोळा ठेवून गुपचूप गाभाऱ्यात शिरले होते. घंटा वाजवली तर तुम्हाला ऐकू जाईल, म्हणून वाजवली नाही. तुम्ही मागनं येऊन कान धरलात. "देवाच्या घरात न सांगता शिरतेस? तो कपडे बदलत असला तर?" खोबरं मात्र काढून घेतलं नाहीत. त्या दिवसापासून मी घंटा वाजवल्याशिवाय कुठल्या देवाच्या दारातनं आत गेले नाही. ओढला दोर.

एकच टोल पडला. आपल्या घंटेसारखा टणकन नाही. जड, खोल, आणि मग तो सावकाश समुद्राकडं चालत गेला. मी दोर धरून तशीच उभी. बघते तर मैदानावरची पोरं खेळता खेळता थांबलीत, चेंडू एकटाच घरंगळतोय. वर्गांमधनं रांगा निघाल्यात. अख्खी शाळा, अरब, फिलिपिनो, आफ्रिकेची, आपली. कुणी ढकलत नाही, कुणी बोलत नाही. आपल्याकडं आरतीला तरी एवढं गप्प कधी कुणी उभं राहिलंय का? सगळी चॅपलसमोर आली आणि माना खाली घातल्या.

लेक धावत आली, चेहरा पांढराफटक. "आई, काय केलंस! ही बेल कुणी गेलं तरच वाजवतात. शाळेतलं कुणी, नाहीतर शाळेतल्या कुणाच्या घरचं." तिच्यामागनं पाद्री. म्हातारा, उंच, दिल्लीकडचा. हळूच विचारतो, "माताजी, कौन गुज़र गया?"

लेकीनं माझा हात दाबला. "सांग ना, गावाकडनं आत्ता फोन आला. मामा गेला म्हण." तिचा मामा सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर फणसाचा फोटो पाठवून बसलेला. त्याला मारायला माझी तशी हरकत नव्हती, पण देवाच्या दारात जीभ वळेना.

"मेरा बाप," मी म्हणलं.

"कब?"

"छब्बीस साल हुआ."

लेकीनं डोळेच मिटले. मी मात्र सुटले, मोडक्यातोडक्या हिंदीत. की ही पोटात होती, आठवा महिना, विमानात घेईनात. की फोन आला तो शेजारच्या मल्याळ्याकडं, तोवर माणसं तुम्हाला पोचवून घरी परतली होती. की हे हमरियाच्या बंदरावर कामाला, म्हणून मी त्या दिवशी कुकर लावला, कपडे वाळत घातले. गळ्यात पडायला एक बाई नव्हती. एकटीनं काय रडायचं?

पाद्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो आज ही सही." त्यानं तुमचं नाव विचारलं आणि पोरांकडं वळून मोठ्यानं घेतलं. पार तीन तुकडे केले हो नावाचे. पण आबा, एवढ्या अदबीनं तुमचं नाव आपल्या पाटलानंसुद्धा कधी घेतलं नाही. आणि ती सगळी पोरं एका आवाजात "आमेन" म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला, तो हे लिहितानाही येतोय. मग मी रडले. चांगली हंबरडा फोडून, गावात रडले असते तशी. एक चिमुरडी रांगेतनं येऊन म्हणते, "सॉरी फॉर युअर लॉस, आंटी."

प्रिन्सिपलबाईंनी दोघींना बोलावलं. लेक उभ्यानंच बोलायला लागली. म्हणाली, "मॅडम, माय मदर कान्ट रीड इंग्लिश. दोराजवळचा बोर्ड तिला कळला नाही." मी मान खाली घालून बसले. बाई म्हणाल्या, ज्याला माहीतच नव्हतं त्याला काय बोलायचं. नोकरी राहिली. घरी येताना लेक गाडीत रडलीही आणि हसलीही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि वर ठेवलं तर तिच्या हाती लागेल. डाळीच्या डब्याखाली घालते. कारण तुम्ही सातवीपर्यंत शाळेत घातलंत ना मला. तो बोर्ड मी वाचला होता. एकेक अक्षर लावत, पण वाचला. वाजवू नका, एवढं नीट कळलं होतं. आणि तुमचा नियम? तो दोर ओढून झाल्यावर आठवला. आधी नुसतं वाटलं, एवढी जुनी घंटा, बघू तरी वाजते कशी.