भिंतीवरची हजेरी

ता. ४, सोमवार

आले एकदाची. एकविसावा मजला, नऊ नंबर. सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, नकाशे काढायचा मोठा स्क्रीन आणि ताईने जबरदस्तीने कोंबलेली औषधांची पिशवी. साथीच्या दिवसांत घर कसलं बदलतेस म्हणून ताई आठवडाभर फोनवर माझं डोकं खात होती. पण जुन्या खोलीत आम्ही चौघी आणि चौघींचं ऑफिस घरातूनच. आजाराचं सोडा, एकमेकींच्या मीटिंगा ऐकूनच मेलो असतो.

गंमत म्हणजे या इमारतीचे नकाशे आमच्याच ऑफिसातले. एका मजल्यावर पंधरा घरं बसत होती आणि साहेबांना सोळा हवी होती. मग घराघरांमधल्या भिंती सहा इंचांवरून चार इंचांवर आल्या. साहेबांनी सांगितलं, मी रेघ सरकवली. आता त्याच भिंतीला पाठ टेकून बसलेय आणि शेजारच्या घरातला चमचा कपात फिरताना ऐकतेय. साखर नीट विरघळेपर्यंत ढवळणारा माणूस आहे, एवढं पहिल्याच दिवशी कळलं.

ता. ५, मंगळवार

मजल्याचा कारभार सोळा नंबरचे गृहस्थ बघतात. सगळे त्यांना मॉनिटर म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. सकाळी त्यांचा फोन आला आणि मला इथली हजेरी समजावून सांगितली.

रोज नऊच्या ठोक्याला एक नंबरवाले दोनच्या भिंतीवर तीनदा टकटक करतात. दोनवाले ते ऐकून तीनच्या भिंतीवर, आणि असं करत सोळापर्यंत. ज्याला बरं नाही, ज्याला उठवत नाही, त्याने ठोकायचं नाही. टकटक अडली की मॉनिटर उलटं विचारत येतात, कुठवर आली होती म्हणून, आणि अडली त्या घरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन जातात. दारं बंद असल्यामुळे खालच्या मजल्यावर एक बाई चार दिवस पडून होती म्हणे, म्हणून ही पद्धत. मी विचारलं, मोबाइलवर का नाही करत. तर म्हणाले, करून बघितलं, लोक न बघताच अंगठे दाखवतात. एका आजोबांचा अंगठा तर त्यांचा मुलगा दुसऱ्या गावातून दाखवायचा. भिंतीवर मात्र घरातलाच माणूस ठोकू शकतो.

मला डावीकडून ऐकायचं आणि उजवीकडे ठोकायचं. उजवीकडे दहा नंबरला जुळ्यांची आई. डावीकडे आठ नंबरला चमचेवाले, म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. एकटेच असतात.

ता. १०, रविवार

सवय झाली. नऊला मास्तरांची टकटक येते, काठीच्या मुठीने, खणखणीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मग माझी. मग पलीकडे जुळी तीनाच्या ऐवजी तेरा वेळा ठोकतात आणि त्यांची आई ओरडते. माणसाचं तोंड दिसत नाही, पण सोळा घरं जागी झाली एवढं कळतं. मला ते आवडायला लागलंय, कबूल करते.

मास्तर संध्याकाळी फोन करून मला एक गणित घालतात आणि चुकलं की खूश होतात. आज आवाज बसला होता. खोकला लागलाय, पण मॉनिटरला सांगू नकोस, उगाच उचलून नेतील, म्हणाले. मग थांबून म्हणाले, उद्या कान जरा नीट ठेव. मी म्हटलं, ठेवते.

ता. ११, सोमवार

साहेबांना नवी हुक्की आली. मीटिंग आता नऊला. नव्या टॉवरचं चटईक्षेत्र पुन्हा मोजायचंय, म्हणजे आणखी माणसं कुठे कोंबता येतील ते बघायचंय. कानात हेडफोन. आठवण झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मास्तरांनी ठोकलं असणारच, मलाच ऐकू आलं नसेल. हात लांब करून उजवीकडे तीनदा ठोकलं आणि मोकळी झाले.

संध्याकाळी त्यांचा फोन नाही आला. झोपले असतील.

ता. १२, मंगळवार

पुन्हा नऊला मीटिंग, पुन्हा तसंच. मास्तरांना दोनदा फोन केला, उचलला नाही. मनात काहीतरी टोचतंय. उद्या हेडफोन काढून बसणार, साहेब गेले खड्ड्यात.

ता. १३, बुधवार

नऊ वाजता भिंतीला कान लावून उभी होते. काही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि तरीही मी उजवीकडे ठोकलं. का ते इथे तरी खरं लिहिते. आज अडली असती तर पहिला प्रश्न मला आला असता, मास्तरांना शेवटचं कधी ऐकलंस. मी काय सांगणार होते?

दुपारपर्यंत मॉनिटरला सगळं सांगायचं ठरवलं. फोन हातात घेतला तेवढ्यात डावीकडून तीनदा टकटक आली. जिवात जीव आला. मास्तर उशिरा उठले असतील. मग सांगितलं नाही.

ता. १४, गुरुवार

आज बरोबर नऊला आली. पण खालून, जमिनीजवळून, आणि काठीची नाही. मऊ, हाताच्या मागच्या बाजूने मारल्यासारखी. गादीवर पडून ठोकत असतील, असं स्वतःला सांगितलं.

त्यांना फोन लावला. भिंतीपलीकडे घंटी वाजताना ऐकू येत होती, पूर्ण वाजून बंद झाली. आणि मग, मी काही न करता, तीनदा टकटक.

दिवसभर घरात येरझाऱ्या घालतेय. एक रेघ सरळ काढता आली नाही.

ता. १५, शुक्रवार

सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं, मास्तर फोन उचलत नाहीत एवढंच. मॉनिटर किल्ल्या घेऊन आले, मागून अंगभर पांढरे झगे घातलेले दोघे. मी दाराच्या भोकातून बघत होते.

मास्तर गेलेत. डॉक्टरांच्या मते सोमवारी. सकाळी पडले असावेत, दुपारपर्यंत श्वास असावा. माझ्या भिंतीशीच पडले होते. काठी हाताशी होती. हाताशी होती आणि ठोकलं नव्हतं. नियमाप्रमाणे गप्प राहून ते माणसं यायची वाट बघत होते. आणि मी त्यांच्या वतीने ठोकलं होतं.

मॉनिटरने दाराबाहेरूनच विचारलं, मग आजपर्यंत टकटक पुढे कशी येत होती. मी म्हणाले, मला ऐकू आली. आलीच होती. कालही आली, आज सकाळीही आली. सोमवारचं मात्र बोलले नाही.

ता. १६, शनिवार

आठ नंबरला सील. मॉनिटरने नवी व्यवस्था लावली. एक ते सातची हजेरी सातवाले फोनवर देणार आणि नऊला माझ्यापासून नवी सुरुवात. मी कुणाचं ऐकायचं नाही, नुसतं ठोकायचं. मी नाही ठोकलं तर ते माझ्याकडे येणार.

नऊला हात उचलला. त्याआधी डावीकडून तीनदा.

घरात कुणी नाही. दाराला पट्ट्या चिकटवल्यात, मी स्वतः बघितल्या.

ठोकलं मी. दुसरं काय करणार.

ता. १७, रविवार

ताईला फोनवर सांगायला गेले, रडूच आलं. तिला वाटलं, एकटीला करमत नाही. तेवढंच सांगितलं. मास्तरांची माफी मागायला भिंतीजवळ गेले आणि परत फिरले. माफी तरी कशी मागायची, पलीकडून उत्तर आलं तर?

नऊला आली. साडेनऊलाही. आता माझ्या उशीच्या उंचीवर.

ता. १८, सोमवार

ताप. घसा पार गेलाय, आवाज फुटत नाही. सकाळी कसंबसं ठोकलं — उगाचच ठोकलं, मूर्खासारखं. बरी आहे असं कळवून बसले. भीती वाटली, दार उघडलं की मागच्या सोमवारबद्दल विचारतील.

ता. १९, मंगळवार

उठताना पडले. मोबाइल ओट्यावर चार्जिंगला. सहा पावलं. दोनदा प्रयत्न केला, डोळ्यांपुढे अंधारी. श्वास पुरत नाही. सकाळी ठोकलं की नाही आठवत नाही — नसेल, तर कुणी आलं का नाही —

जुळी पलीकडे खेळतायत. ओरडून बघितलं. नुसती हवा.

आता काही लपवायचं नाही. आले की सगळं सांगेन. फक्त येऊ देत.

ता. २०, बुधवार

नऊला पाच कमी. उजेड आहे. पेन धरवतंय. आज ठोकायचं नाही. दोन्ही हात पांघरुणात — लिहायला एक बाहेर. न ठोकणं हीच हाक. दहा नंबरला कळेल, मॉनिटर येतील, किल्ल्या आहेत त्यांच्याकडे. दहा मिनिटांचा प्रश्न.

नऊ.

डावीकडून तीन. गप्प राहिले.

उजवीकडे —

माझ्या खोलीतून. उजव्या भिंतीवर. तीन. भिंत दिसतेय मला, समोर आहे, तिथे कुणीही —

दहाने पुढे दिली. जुळी हसतायत. त्यापुढे अकरा. लांब लांब जातेय —

नाही. मी नाही ठोकलं. मास्तर, माझ्या वतीने नका, चुकले मी, पण असं नका, मी अजून