गुलाबाच्या कुंडीचे भोक कोणी बुजवू नये

मी, हर्षल कवडू कापगते, वय चोवीस, राहणार खुर्सीपार, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. मी शुद्धीत आहे. मला कोणी पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. माझे डोके कधीच ठिकाणावर नसते असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते त्यांनी हा कागद संपेपर्यंत बाजूला ठेवावे.

कारण असे की परवा मी ओडिशात कारखान्याची चिमणी रंगवायच्या कामाला निघतो आहे. दोरावर लटकून काम. ठेकेदाराच्या माणसाने विचारले, "कुछ हो गया तो किसको देना है?" मी आईचे नाव सांगितले, आणि घरी येईपर्यंत विचार करून राहिलो की द्यायला आपल्याजवळ आहे काय.

१. सायकल आईला. तिला चालवता येत नाही, पण जो भाजी आणून देईल त्याला तिने ती द्यावी. रजईसुद्धा आईला. ती मला अमृतसरच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याने दिली होती. त्याचा ट्रक पेरूंनी भरलेला होता आणि त्याला स्वतःला पेरू आवडत नव्हते. असो.

२. मित्र चंदन यास काही नाही, कारण साक्षीदार लागतो. त्याचे भाऊजी दुर्गच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतात. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, असे ते सांगतात.

३. बहीण दिपाली हिलाही काही नाही. कारण पुढे येईल.

४. आता गुलाब. माझी खरी मालमत्ता हीच.

बाहेरगावाहून येताना लोक आईसाठी साडी आणतात. मी अमृतसरहून हात हलवत आलो. आईने काही विचारले नाही, म्हणून जास्त लागले. त्या रविवारी रिसालीला रोपवाल्याच्या ठेल्यावरून हा लाल गुलाब घेतला. एक फूल उमललेले, दोन कळ्या. एका हाताने हँडल, एका हाताने प्लास्टिकची कुंडी धरून घरी आणला. आई म्हणाली, "चला, याच्या पायी तरी पोरगा घरी टिकन." हसत म्हणाली, पण दोन वेळा म्हणाली.

रोपवाल्याने सांगितले होते, लगेच कुंडी बदलू नका, मातीत बोट घाला, कोरडे निघाले तरच पाणी. हे मी घरात सगळ्यांना सांगितले. कोणी ऐकले? आईने तुळशीसारखे येता-जाता तांब्या ओतला. दिपालीने गाळणीतली चहापत्ती दुधासाखरेसकट टाकली. मुंग्यांची बारात आली. वरून मलाच म्हणते, "यूट्यूबवर दाखवते, भाऊ!" म्हणून तिला काही नाही. आणि बाबा खाटेवरून म्हणायचे, "गुलाब खाता येते का? लावाचं तं वांगं लावाचं."

पाने पिवळी पडली. कळ्या काळ्या होऊन गळाल्या. मी आईवर ओरडलो, दिपालीवर ओरडलो, शेवटी रोपवाल्याशी भांडायला गेलो. तो म्हणाला, "भैया, पानी रुक रहा है." मी म्हटले, भोक आहे, मी बघून घेतले आहे. तरी घरी येऊन कुंडी उचलली. भोक बुजवलेले! चिकण मातीने, गुळगुळीत, आणि त्यावर अंगठ्याचा खड्डा. एवढा चपटा अंगठा घरात एकाचाच आहे. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आला होता.

विचारले तर बाबा म्हणाले, "पाणी वाया जाऊन राहिलं होतं. इकडून टाकता, तिकडून निंघून जाते. असं ठेवते का कोणी?"

साकोलीकडे आमची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले शेत, होती, आता काकांकडे आहे. तिथे पाणी साचवून ठेवावे लागते, ते निसटले की आजोबा बाबांना मारायचे. हे मला माहीत आहे. तरी मी ओरडलोच, "हे धान नाही, बाबा!"

"तुले काय मालूम धान काय असते? तू कोठी थांबला हायस?"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. माती मीच खिळ्याने उकरून काढली. आता एक कोंब फुटला आहे, तांबडा, बोटाएवढा. आणि मी निघतो आहे. स्वतःवरच चीड येते.

५. गुलाबाची व्यवस्था अशी: सकाळचे ऊन द्यावे. बोट घालून मगच पाणी, तेही मुळाशी. सुकलेले फूल खालच्या पाच पानांच्या डहाळीच्या वरून कापावे. कलमाच्या जोडाच्या खालून फुटवा आला तर तो रानटी समजून काढावा, कितीही जोमात वाढत असला तरी. चहा त्यात कोणी टाकू नये. पाहुणे आले तरी.

६. हा गुलाब द्यायचा कोणाला, यात सगळ्यात जास्त वेळ गेला. आई बुडवेल. दिपालीचे सांगून झाले. चंदनच्या घरी बकऱ्या आहेत. राहिले बाबा. मला पटत नाही, पण लिहितो: पानांवरची कारखान्याची लाल धूळ ओल्या फडक्याने रोज सकाळी तेच पुसतात. मी झोपलो आहे असे त्यांना वाटते. तरी मी मेलो अथवा परतलो नाही, तर गुलाब श्री. कवडू कापगते यांना मिळावा. अट एकच, भोक उघडे राहिले पाहिजे.

७. इथपर्यंत लिहून मी कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग उठून गॅसवर सळई तापवली, कुंडी आडवी केली आणि बुडाला आणखी दोन भोके पाडली. प्लास्टिकचा वास घरभर झाला. म्हणाले, "एका भोकानं काय होते? माती बसली का बंद."

दिपाली म्हणाली, "बाबा, तुमी बी सही करा नं."

सहीसाठी आलेला चंदन म्हणाला, "काका, ज्याले भेटते त्याची सही चालत नाही."

बाबांनी पेन हातात घेतला होता. थोडा वेळ धरला. मग दिपालीपुढे केला. "तू कर."

लिहून देणार: हर्षल कवडू कापगते
साक्षीदार: चंदन (स्वतःच्या पेनाने)
साक्षीदार: दिपाली कापगते (काही न मिळता)
भिलाई, दि. १९ नोव्हेंबर २०२३