हाक न देणारी गाडी

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुझा पत्ताही उरला नाही, म्हणून बिनधास्त लिहिते. मी नाशिकजवळच्या एका कारखान्यात गाड्या बनवते. आईला ट्रॅक्टर म्हणून सांगितलंय. खरं तर ती लढाईची गाडी आहे. रणगाड्यासारखे पट्टे, पाठीवर बंदूक, आत माणूसच नाही. जवान लांब आडोशाला बसून पडद्यावर बघत ती चालवतो. आपल्या पोरांच्या आधी लोखंड पुढे जातं, हे मला मनापासून पटतं.

या पावसाळ्यात तिची चाचणी होती. साहेबांची इच्छा अशी, की गाडीनेच माणूस हेरावा आणि गाडीनेच गोळी झाडावी. बंदूक रिकामी होती, नशीब! कुंपणापलीकडे एक बाई डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, वाकून गवत कापत होती. पडद्यावर तिच्याभोवती लाल चौकट आली, नळी वळली आणि चाप खट्‌कन वाजला. मी बाहेर धावले, "ओ मावशी!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं, गवत तुझ्या बापाचं हाय का?" मला हसू फुटलं आणि मग मी आत जाऊन गाडीच बंद केली.

कारण मला खोडाळ्याचं आपलं शेत आठवलं. तिन्हीसांजेला आपण दोघं राखणीच्या माळ्यावर बसलोय, नागलीच्या पिकात डुकरं शिरायची वेळ. बांधाला काळं काहीतरी हलतं, माझी गोफण फिरायला लागते आणि तू माझं मनगट गच्च धरतोस. "आधी हाक दे. जनावर पळंल, मानूस बोलंल." मी हाक देते, तर पानांच्या इरल्याखालून काकूच ओरडते, "अगं मी हाय, भाजी खुडाया आलेय!" त्या दिवशी जेवतानाही तू मला बोलत राहिलास, आणि काकू मात्र हसत माझ्या ताटात भाजी वाढत होती.

बैठकीत मी तुझी हाकेची गोष्ट सांगितली आणि स्पष्ट म्हटलं, गोळीआधी माणसाने बघायचं आणि बटणही माणसानेच दाबायचं, नाहीतर या गाडीवर माझी सही नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, शत्रू काय हाकेला ओ देणार आहे?" मी तेच पुन्हा म्हटलं, बा. हटले नाही. बरीच डोकेफोड झाली आणि शेवटी बटण माणसाकडेच राहिलं. खूश आहे मी. काल गाडी चिखलातून चढ चढली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्याच होत्या.

एवढंच, की साहेबांनी ऐकलं नसतं तर राजीनामा तोंडावर फेकला असता, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. फेकला नसता, बा. सही दुसऱ्या कुणीतरी केली असती, आणि मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले असते.