कासिया यादीत का सापडेना

हॅमिल्टन, ९ जून

चि. हलिनास, अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर बापाशी बोलताना तू विषय बदलतेस. आपली कबुतरी कासिया शर्यतीत सगळ्यांच्या आधी ढाबळीत उतरली! पण क्लबच्या कॉम्प्युटरला यादीत माझं एकही पाखरू सापडत नाही. बाकीच्यांची सगळी सापडतात. पायातल्या कडीचे नंबर मी स्वतः टाइप केलेत, डोळ्यांना दिसतातही. सेक्रेटरी झिग्मुंट म्हणतो, डोळ्यांचं क्लबला काय, फॉर्म्युल्याला दिसायला हवं. महिनाअखेरीला निकाल लागेल. तोवर सापडली नाही तर कासिया बाद. काही सुचतंय का?

तुझा,
तातो

केलोना, १५ जून

ती. तातोंस, सा. न. वि. वि.

कासियाला माझ्याकडून मूठभर वाटाणे घाला. इथे चेरी लाल व्हायला लागल्यात, काल बागेत अस्वल आलं होतं... ते राहू दे. कॅलगरीच्या टायर गोदामात कामाला होते तेव्हा याच शोधायच्या फॉर्म्युल्याने, व्हीलुकअपने, मला रडवलं होतं. ते बिचारं हट्टी आहे, अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय ओळखच देत नाही. यादीतल्या कासियाच्या नंबरावर डबल क्लिक करा आणि कीबोर्डवरचं एंडचं बटण दाबा. कर्सर शेवटच्या आकड्याला चिकटून उभा राहतो की जरा लांब? लांब असेल तर मागे एक रिकामी जागा टाइप झालीय. ती कोणी टाकली हेही मला ठाऊक आहे! उशिरा येणाऱ्या पाखरासाठी तुम्ही ढाबळीत एक फळी रिकामी ठेवता, तशीच कागदावरही प्रत्येक नंबरामागे जागा सोडता. लहानपणापासून बघतेय. सवय मोडू नका. झिग्मुंटकाकांना सांगा, यादीच्या डावीकडे एक रकाना घालून त्यात ट्रिम लावा. ते मागची रिकामी जागा छाटतं. मग फॉर्म्युल्याला त्या नव्या रकान्यात शोधायला लावा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
हलिना

हॅमिल्टन, २४ जून

चि. हलिनास, अनेक आशीर्वाद.

कर्सर लांबच उभा होता! रकाना घातला मात्र, माझी सगळी पाखरं एकदम हजर, आणि कासिया सगळ्यांत वर. झिग्मुंटने भर क्लबात विचारलं की पोरगी शिकली कुठे. मी ताठ मानेने सांगितलं, टायरच्या गोदामात. तुला 'हरवलेलं पाखरू' म्हणायचा ना, त्यानेच स्वतः उठून मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, अस्वलासकट. ते अस्वलाचं पुढे काय झालं, सगळे विचारतायत.

ढाबळीतली फळी रिकामीच आहे. तुझ्या खोलीत कबुतरांचे दाणे साठवले होते, पण ते मी जिन्याखाली हलवलेत.

अस्वलाची गोष्ट सांगायला तरी ये.

तुझा,
तातो