सोळाव्या नटावरची खूण

बाबा, आज दुपारी मी माझं इंजिन खालून उघडलं. माझं म्हणते आहे, कारण तुम्हीच आधी तसं म्हणाला होतात, आणि मग तुम्हीच ते चारचौघांसमोर, हसत हसत माझ्याकडून काढून घेतलंत. तेव्हापासून मी त्या गाडीला कधी माझी म्हटलं नाही. आज वाटलं, आता म्हणता येईल. दोन वाजता वाटलं आणि सव्वादोनला ते वाटणंही गेलं. तुमच्यावर इतका राग आलाय की हात धड धुवायलाही धीर निघाला नाही. या कागदाच्या कडेला तेलाची बोटं उमटली आहेत. तुम्हाला कागदावर डाग चालायचे नाहीत, माहीत आहे मला. असू देत.

निमित्त नेहमीचंच, शाकेन. दर दोन वर्षांनी गाडी सरकारी तपासणीला न्यायची, आणि इंजिनाखाली तेलाचा ओला डाग जरी दिसला तरी ते लोक नम्रपणे वाकून गाडी परत पाठवतात. या खेपेला चेंबरच्या कडेने तेल झिरपत होतं. इंजिनाच्या पोटाखालचं ते तेलाचं पात्र काढायचं, त्याचं गॅस्केट, कडेने तेल अडवणारी ती पातळ पट्टी, बदलायचं आणि परत लावायचं, एवढंच काम. ते पूर्वी एकदा झालं होतं, माझ्या हातून. एकदाच. निदान आजपर्यंत माझी तशी समजूत होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी एकोणीस वर्षांची होते आणि नागोयात येऊन आपल्याला अकरा वर्षं झाली होती. तुमच्या कारखान्यातले एक वयस्क सहकारी निवृत्त होऊन गावी चालले होते. त्यांच्या अंगणात ती अमेरिकन गाडी सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, आपल्या गल्लीत वळणारसुद्धा नाही अशी. ती ट्रकवरून उतरली तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "अहो, लोक सोदाई गोमीत टाकायच्या वस्तू बाहेर काढतात, तुम्ही घरात आणताय." महानगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्यात गाडी घेत नाहीत हे तिलाही माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ही तुझी. मी फक्त सांगेन. हात तुझेच लागतील." मला तोवर पंक्चरसुद्धा काढता येत नव्हतं. त्या क्षणी मला तुमचा जो अभिमान वाटला होता ना, त्याचीच आज लाज वाटते आहे.

पहिल्याच रविवारी मी एका बोल्टचं डोकं गोल करून टाकलं. गाडी अमेरिकन, म्हणजे बोल्ट इंचाचे, आणि आपल्या घरात सगळे पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर तेराचा पाना बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो. मी जोर लावला, पाना सटकला, माझी बोटं सोलवटली. तुम्ही बोटांकडे पाहिलंही नाही. बोल्ट हातात घेतलात आणि म्हणालात, "जवळपास बसतो म्हणजे बसत नाही. पुन्हा बघ." हे "पुन्हा बघ" तुमचं पालुपद होतं. कारखान्यात तुम्ही तपासनीस होतात, पण घरी तरी पाटी उतरवून ठेवायची होती. दोन महिन्यांनी काका पुण्याहून आले तेव्हा त्यांनी बॅगेतून तांबड्या खादीच्या पिशवीत बांधलेले इंची पाने आणले, जुन्या बाजारातून एकेक निवडून घेतलेले. तुम्ही त्यांना पत्र लिहून मागवले होते, मला न सांगता. पिशवी माझ्यासमोर ठेवून तुम्ही आत निघून गेलात. तुमचा आनंद असा पाठमोरा असायचा. तेव्हा मला ते गोड वाटायचं.

दीड वर्ष लागलं. इंजिनाचा प्रत्येक तुकडा मी रॉकेलमध्ये धुतला, वर्तमानपत्रावर मांडला, चिठ्ठ्या लावल्या. मला मोठा कार्बुरेटर बसवायचा होता, गाडी पळवायची होती. तुम्ही म्हणालात, "आधी थांबायला शिकव, मग पळव." म्हणून आधी पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले, मग रेडिएटर मोठा केला, आणि कार्बुरेटरची पाळी शेवटी आली. बरोबर होतं तुमचं. तुमचं कायम बरोबर असायचं, हाच तर वैताग होता.

आणि मग ते नट. पिस्टनचे आठ दांडे क्रँकला, त्या फिरत्या मुख्य कण्याला, धरून ठेवायला प्रत्येकी दोन, असे सोळा नट. त्यातला एक जरी ढिला राहिला तर चालत्या गाडीत दांडा सुटतो आणि इंजिनाची बाजू फोडून बाहेर येतो. ते टॉर्कच्या पान्यानेच आवळायचे, ठरल्या जोरावर आला की तो टक् वाजतो. टक् वाजल्यावर नटावरून खालच्या लोखंडावर सरळ उतरणारी पिवळी रेघ मारायची. तुमच्या कारखान्याची पद्धत तुम्ही मला समजावलीत: करणारा पिवळी रेघ मारतो, मग दुसरा माणूस परत पाना लावून बघतो आणि शेजारी पांढरी मारतो. नट त्याच्या हाताने जरा जरी हलला तर पिवळी रेघ मधोमध तुटते आणि लगेच कळतं की पहिल्याने काम केलंच नव्हतं. मी विचारलं, "मग पांढरी तुम्ही मारणार ना?" तुम्ही म्हणालात, "इथे तपासणारं कोणी नाही. करणारी तू, जबाबदार तू." मला आठवतंय, मी मान ताठ करून हो म्हटलं होतं.

गाडी शाकेन पास झाली त्या रविवारी तुमच्या कारखान्यातले तिघे बघायला आले. तुमचे साहेब, बुचो-सान, बॉनेटवर वाकून म्हणाले, "वा! इंजिन कोणी बांधलं?" मी मुगिचाचे, गार बार्लीच्या चहाचे, पेले ट्रेमध्ये घेऊन मागे उभी होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "दोघांनी मिळून. मुलीनेही बरंच केलं." बरंच! दीड वर्षाचे रविवार, सोललेली बोटं, मैत्रिणींना दिलेले नकार, आणि त्या सगळ्याला तुमचा शब्द, बरंच. तुम्ही एका नटाला हात लावला नव्हता. बुचो-सान माझ्याकडे वळून, लहान मुलीला म्हणतात तसं म्हणाले, "वडिलांना छान मदत केलीस हं." मी पेले वाटले. ते गेल्यावर तुम्ही दाराशी चपला सरळ लावत होतात, तिथे मी विचारलं, "दोघांनी कधी, बाबा?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "जे आहे ते सांगितलं."

त्या वाक्यावर मी टोकियोला गेले. लोकांना मी बँकेतल्या नोकरीचं कारण सांगायची, पण गेले ती त्या वाक्यामुळे. रोज दोन-अडीच तास उभ्याने प्रवास, संध्याकाळी कोंबिनीतला, कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातला, गार भात, आणि घरी फोन केला तर फक्त आईशी बोलणं. एकदा तुम्ही तिच्या हातातून रिसीव्हर घेतलात. "गाडी बरेच दिवस चालवली नाही. येतेस का?" मी म्हटलं, "तुमची गाडी, तुम्हीच चालवा." तुम्ही बरं म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. त्यानंतर सात महिन्यांनी तुम्ही गेलात. मला वर्षानुवर्षं त्या वाक्याचं वाईट वाटत आलं, पण राग त्याहून मोठा होता, म्हणून वाईट वाटणं त्याच्याखाली दडपून ठेवता आलं.

तर आज, नागोयाच्या त्याच गॅरेजात. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, इंजिन जरा उचललं, चेंबर काढला आणि पाठीवर झोपून बॅटरी वर मारली. माझ्या पिवळ्या रेघा होत्या. तेलाने तपकिरी पडलेल्या, पण होत्या. आणि प्रत्येकीच्या शेजारी एक पांढरी. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ, तुमची.

मी तशीच पडून राहिले, कपाळावर तेल ठिबकतंय. म्हणजे तुम्ही उघडलं होतं. मी बंद करून दिलेलं इंजिन माझ्यामागे उघडलंत, सोळाच्या सोळा नट तपासलेत, आणि परत लावून ठेवलंत. तपासणारं कोणी नाही म्हणाला होतात! आणि मग आठवलं ते गॅस्केट. मी चेंबरची दोन गॅस्केट मागवली होती, एक बसवलं, एक उरलं होतं. ते नंतर सापडेना. तुम्ही मला ऐकवलंत, "वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही तुला." मी अख्खं गॅरेज पालथं घातलं होतं, बाबा. तीन दिवस. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. चेंबर उघडला की गॅस्केट नवंच लागतं; ते तुम्हीच बसवलं होतंत!

पुढच्या बाजूने लांब पाना लावून क्रँक फिरवत गेले, एकेक नट पुढ्यात आणला. पंधरा नटांवर पिवळी अखंड. सोळाव्यावर ती तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे, जवळजवळ पाव फेरा. आणि त्यांच्या शेजारी तुमची पांढरी, सलग.

तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. आई आता ब्याऐंशीची आहे, ओट्याशी बसून वाटाणे सोलत होती. मी विचारलं, "आई, मी इंजिन बांधलं तेव्हा बाबांनी ते परत उघडलं होतं?"

"हो की. रजा घेतली होती त्यांनी. बुधवार होता, तू कॉलेजात होतीस. आयुष्यात तेवढी एक रजा घेतली त्या माणसाने, तीही इंजिनासाठी. त्या फरशीवर पाय ठेवू नकोस, तेल आहे तुझ्या पायाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"पोरीला सांगू नकोस म्हणाले. काय खुशीत होते! दोनदा चहा करायला लावला. पंधरा बरोबर निघाले, पंधरा बरोबर निघाले, तेच चाललं होतं. आमच्याकडे नव्या माणसाचे दहा बरोबर निघाले तरी डोक्यावरून पाणी, म्हणाले."

"तुला सांगितलं! आणि मला नाही!"

"तू कधी विचारलंस का त्यांना?"

"आणि सोळावा?"

"सोळावा काय? त्याचं काही नाही बोलले. पंधराच होते ना ते?" आईने शेंगा बाजूला सारल्या. "जेवणार आहेस का आता, का अजून त्या गाडीखालीच जाणार आहेस?"

मी परत गाडीखाली गेले. आणि आता हे लिहिते आहे, कारण बोलायला तुम्ही नाही, आणि आईला हे सांगायची माझी हिंमत नाही.

त्या शनिवारी दीड वाजला होता. दोन वाजता कोंबिनीत माझा बाइतो, कॉलेजातल्या पोरांची ती तासांवरची नोकरी, सुरू व्हायचा होता, आणि सकाळी तुम्ही मला चौथ्यांदा "पुन्हा बघ" म्हणाला होतात. पंधरा नट मी टॉर्कच्या पान्याने आवळले, पंधरा वेळा टक् ऐकलं. सोळावा अवघड कोपऱ्यात होता, क्रँक परत फिरवावा लागणार होता. मी साध्या पान्याने तो घट्ट केला आणि वर पिवळी रेघ मारली. विसरले नव्हते, बाबा. दुसऱ्या दिवशी चेंबर लावताना तो नट माझ्या नाकासमोर होता. मी स्वतःला सांगितलं, जवळपास बसलाय. शाकेननंतर तुम्ही माझ्या शेजारी बसलात, पट्टा लावलात, आणि आपण हमरस्त्यावर ऐंशीने गेलो. मी स्टिअरिंग धरून मनात म्हणत होते, काही होत नाही. काही झालं नाही हे मी माझ्या कामाच्या खात्यात जमा केलं, आणि "दोघांनी मिळून" ऐकून इतकी वर्षं पेटत राहिले. तुम्ही खरंच जे आहे ते सांगितलं होतं.

पण मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही मला समोर उभं करून विचारायला हवं होतं, "हे काय केलंस?" शिव्या घालायला हव्या होत्या. कारखान्यात असा माणूस तुम्ही दारात उभा केला नसता. मला तुम्ही झाकलंत, आईपासूनसुद्धा, आणि झाकून ठेवायच्या नादात ते पंधराही माझ्यापर्यंत पोचू दिले नाहीत. एवढं एकच ऐकायचं होतं मला. पंधरा बरोबर, एक चूक, असं म्हणाला असतात तर मी रडले असते, भांडले असते, आणि रविवारी परत आले असते. तुमच्या त्या दयेने मला टोकियोला घालवलं. असली दया मी मागितली नव्हती.

संध्याकाळी सोळाही नट परत टॉर्कने तपासले. एकही हलला नाही. मग चिंधी घेऊन सोळाव्यावरची माझी पिवळी रेघ पुसली, दोन्ही तुकडे. तुमची पांढरी राहू दिली. उद्या नवीन गॅस्केट लावून चेंबर बंद करीन. हा कागद काकांच्या त्या पिशवीत, अर्ध्या इंचाच्या पान्याखाली ठेवते आहे, कारण दुसरीकडे पाठवायला पत्ता नाही.

सोळावा मी आवळला नव्हता. पण गॅस्केट मी हरवलं नव्हतं, बाबा. तेवढं मागे घ्या.